बारी देणारे बुवा

बुवांच्या कार्यक्रमात कुणाचा फोन जोडायचा आणि कुणाचा नाही, हे बुवा ठरवत नसत. मी ठरवत असे. एवढी एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, केंद्रावरच्या साहेबांना नाही, बुवांना पोचवायला गेलो तेव्हा माझ्या शेजारून चालणाऱ्या माणसांनाही नाही. मुळात मी बोलका माणूस नव्हे. रेडिओवर इतकी वर्षं काढली, पण लोकांनी माझा आवाज ऐकला तो फोनवर, आणि तोही एवढाच: "हॅलो, थांबा हं."

दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. आमचं रेडिओ केंद्र लहानसं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काजूच्या झाडांत. चिऱ्याची इमारत, एक स्टुडिओ, एक काचेपलीकडची खोली. मी त्या काचेपलीकडच्या खोलीत कंत्राटावर होतो. टेपा लावायच्या, फोन घ्यायचे, पाहुण्यांना चहा सांगायचा. संध्याकाळी 'सांजबारी' नावाचा कार्यक्रम लागे. लोकांनी फोन करायचा आणि बुवांनी त्यांच्याशी गजाली करायच्या. मालवणच्या जेटीपासून पिंगुळीच्या तिठ्यापर्यंत त्या वेळेला दुकानदार गिऱ्हाइकाला "जरा थांब" म्हणायचे.

बुवा मूळचे डबलबारीचे भजनी. आमच्याकडे भजनाची डबलबारी असते. दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गायचं, गाता गाता समोरच्याची टिंगल करायची, त्याचं गाव काढायचं, त्याचा आवाज काढायचा. मग पेटी थांबते आणि समोरचा त्याला उत्तर देतो. ती त्याची बारी. पहाटेपर्यंत हे चालतं, आणि शेवटी दोघे बुवा एकाच ताटातला प्रसाद खातात. बुवांनी आयुष्यभर हेच केलं होतं. रेडिओवर आले तेव्हा त्यांनी एवढंच समजून घेतलं की समोर बुवा नाही, पण फोन आहे.

त्यांना खुर्चीत पाय सोडून बसता येत नसे. भजनाला बसल्यासारखे ते खुर्चीवर मांडी घालून बसत. ती खुर्ची फिरती होती. बोलण्याच्या भरात बुवा हळूहळू फिरत जात आणि त्यांचा आवाज माइक सोडून भिंतीला ऐकू जाई. शेवटी मी सुंभाने ती खुर्ची टेबलाच्या पायाला बांधून टाकली. बुवा म्हणाले, "बरा केलंस. आमच्या घराकडली तीस वर्षां ह्याच करूक बघता."

स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा कधीच गेला होता. त्याच्या खिळ्याला बुवा आपली छत्री लटकवत. बाराही महिने त्यांच्याकडे छत्री असे. छत्री दिसली की बुवा आत आहेत, दार ढकलायचं नाही, हे शिपायालाही ठाऊक झालं होतं. थर्मासमधून ते सोलकढी आणत. साहेब एकदा म्हणाले, "बुवा, थर्मास गरम ठेवण्यासाठी असतो." बुवा म्हणाले, "साहेब, तेका काय ठावक आतमधी काय आसा?"

टिंगल ते सगळ्यांची करत. मालवणकराला सुरमई दिसली की तो सख्ख्या भावाला ओळखत नाही. वेंगुर्लेकर 'बस' म्हणतो, पण पाट मांडत नाही. चाकरमानी चतुर्थीला येतो तो गणपतीपेक्षा जास्त सामान घेऊन येतो, आणि जाताना नारळसुद्धा मोजून नेतो. आपल्या गावाला तर ते कधीच सोडत नसत: "आमच्या गावात कोंबडो आरावलो तरी पैली भावकीची मीटिंग बसता, कोणाच्या कोंबड्याक आरवूचो मान, म्हणान."

सुरमईचा विनोद झाला त्या दिवशी मालवणच्या एका मासेवाल्या बाईचा फोन आला होता. मी जोडला.

"बुवा, मी मालवणसून बोलतंय. तुमच्या गावाक मी पाटी घेवन येय, म्हायती आसा?"

"येय? आता येणस नाय गो?"

"कशी येतलंय? अर्दी पाटी मांजरां खायत नि अर्दी तुमचा भजनी मंडळ. मांजरां तरी म्याव म्हणत!"

बुवा मांडीवर थाप मारून हसले. खुर्ची बांधलेली नसती तर त्या दिवशी ते पूर्ण फिरून आले असते. मग काचेतून माझ्याकडे बघून त्यांनी दोन बोटं उलटी-सुलटी केली. ती आमची खूण. 'आणखी कोण आसा? तेका बारी दी.' ज्याला टोमणा मारला त्याचा फोन आधी घ्यायचा, स्तुती करणाऱ्यांचा मागाहून, असा त्यांचा नियम होता. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "समोरच्याक बारी नाय मिळाली, तर ती डबलबारी न्हय रे. ती मारामारी, नि तीय एका हाताची."

हे मला सांगितलं होतं. मला नीट समजलंही होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

आंब्याचा हंगाम होता. आमच्या बाजूला सड्यावरच्या बागा राखायला नेपाळी माणसं असतात. कुटुंबं घेऊन येतात, बागेतल्या मांगरात राहतात, पहाटेपासून डबे वाजवून वांदर हाकलतात, आणि माणूस आला तर माणूसही. कुणी त्यांची नावं विचारत नाही. सगळे गुरखे, नाहीतर सगळे बहादूर. त्या साली बागांतून चोऱ्या होत होत्या. एका बागायतदाराचा फोन आला, राखणीला गुरखा ठेवूनही पेट्या गेल्या म्हणून. बुवांनी टेबलावर नखांनी ताल धरला आणि तिथल्या तिथे गजर बांधला:

"गुरखो ठेवलो राखणेक, डोळे तेचे फट,
चोर इलो, पेटी भरली, निघान गेलो झट!"

मग आणखी एक जोडलं. गुरख्याचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे चोराला कळेना, म्हणून तो बिचारा चोरच रात्रभर जागा राहिला. काचेपलीकडे मी इतका हसलो की पुढची टेप उशिरा लागली. जिल्हाही हसला असणार. दुसऱ्या दिवशी एस. टी. स्टँडवर शाळेची पोरं तो गजर म्हणत होती.

पण गजर झाला त्याच संध्याकाळी, कार्यक्रम चालू असतानाच, त्याचा पहिला फोन आला. कुठल्यातरी बूथवरून. पाठीमागे गाड्यांचे हॉर्न.

"हॅलो, रेडिओ? हम बाग में काम करता है. बुवा से बात करना है."

दुसऱ्या लाइनवर पिंगुळीचे एक गुरुजी थांबले होते. त्यांची गजाल रंगणार हे मला माहीत होतं. हा माणूस हिंदीत, तेही अडखळत, हॉर्नच्या आवाजात. मी म्हटलं, "बाद में करो," आणि खटका दाबला.

त्याने नंतर केला. पुन्हा केला. मी पुन्हा खटका दाबला. त्यानंतर तर त्याच्या 'हॅलो'च्या पहिल्या अक्षराला माझं बोट जाऊ लागलं. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की भाषेचा प्रश्न होता, वेळेचा प्रश्न होता. खरं सांगतो, मला त्याचा रागही नव्हता. तो मला लाइनीवर थांबलेला माणूस वाटलाच नाही. लाइनीतली खरखर वाटली. खरखर आली की आपण खटका दाबतो.

त्या पहिल्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर बुवा छत्री काढता काढता म्हणाले, "गुरख्यांका मारलंय रे आज. कोणाचो फोन येवक नाय?"

मी म्हटलं, "नाय बुवा."

"एकाचोय नाय?"

"नाय."

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि ती डबलबारी बघितलेल्यालाच पटेल. समोरचा बुवा गप्प बसला, तर गाणारा बुवा थांबत नाही. त्याला वाटतं टोमणा लागला नाही. मग तो जास्त धारदार मारतो. समोरच्याला उठवायचं असतं. गप्प बसलेला माणूस हा डबलबारीत अपमान समजतात, आणि तो अपमान गाणाऱ्याचा.

पुढच्या आठवड्यात बुवांनी गुरख्यांवर पुन्हा गजर केला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. ती ओळ मी इथे लिहिणार नाही. तिच्यात वांदर होते. आणि प्रत्येक वेळी दोन बोटं उलटी-सुलटी करून ते काचेतून माझ्याकडे बघत होते, आणि मी मान हलवत होतो. कोण नाय बुवा.

बुवांच्या घरी रेडिओ नव्हता. 'रोज बोलता ता पुरे नाय काय?' असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. पण ती शेजारी जाऊन ऐकायची, आणि कार्यक्रम संपला की बुवा केंद्रावरून शेजाऱ्यांकडे फोन लावून तिचं मत विचारायचे. साहेबांचं मत त्यांनी कधी विचारलं नाही. त्या तिसऱ्या आठवड्यात फोन ठेवून त्यांनी खिळ्यावरची छत्री काढली.

"काय म्हणाली वहिनी?"

"'आज माका हसाक येवक नाय' म्हणाली." छत्रीची मूठ ते अंगठ्याने घासत होते. "कायतरी चुकला रे. पण मगे तेंच्यातलो एक तरी बोलतलो होतो मा?"

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, "एस. टी. चुकात बुवा."

चार-पाच दिवसांनी बाजाराच्या रस्त्यावर काही पोरांनी एका गुरख्याला घेरलं. तो बाजार करून बागेत परत निघाला होता. बुवांचा गजर म्हणत म्हणत त्याला ढकलत नेलं, तो उलटला तेव्हा मारलं. हाताचं हाड मोडलं. त्याची लहान मुलगी बरोबर होती.

तालुक्याच्या कोर्टात एक वकीलबाई होत्या. त्यांनी पेपरात लिहिलं की हे पोरांचं काम नाही, हे रेडिओचं काम आहे. रोज संध्याकाळी एक माणूस सगळ्या जिल्ह्याला शिकवतो की काही माणसांची तोंडं हसण्यासारखी असतात. याला वंशद्वेष म्हणतात, आणि हा कार्यक्रम बंद झाला पाहिजे.

त्या शब्दाने आमच्याकडे महिनाभर तोंडांना काम पुरवलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी कोपऱ्यात बसून ऐकत असे. हॉटेलवाला बुवांच्या बाजूचा.

"वंशद्वेष म्हणजे गोऱ्यांचो काळ्यांवर. आमी खंयचे गोरे? माका बघ, तव्याच्या बुडासारको आसंय."

त्यावर शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "मगे मुंबैत तुका कोणी 'कोकण्या' म्हटला तेवा भांडान कित्याक इलंस?"

"ता वेगळा."

"कसा वेगळा?"

"ता माका म्हटलेला."

सगळे हसले. हॉटेलवाला हसला नाही. जोराने फडका मारत म्हणाला, "बुवा सगळ्यांकच मारतत. तुमका मारूक नाय? माका मारूक नाय? माझी भजी म्हणजे रस्त्याची खडी, म्हटल्यानी. मी फोन केलंय, दिलंय तेंका फिरवान. झाला!"

"होच तर प्रश्न आसा," गुरुजी म्हणाले. "तू फोन केलंस. तेंचो कोणाचो ऐकलंस काय?"

मी चहा अर्धा टाकून उठलो.

वाचनालयाच्या हॉलमध्ये चर्चा ठेवली गेली. बुवांनी स्वतःच कबूल केलं, "बाई समोर बसतली तर बसांदे. बारी ती बारी." लाउडस्पीकरची व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणून मी दाराजवळ ॲम्प्लिफायरपाशी बसलो होतो. हॉल भरलेला. शेवटच्या बाकावर, हात गळ्यात अडकवून, मार खाल्लेला तो गुरखा बसला होता. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

बुवांनी सुरुवातीलाच त्याला विचारलं, "बाबा, तुजा नाव काय?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "टेकबहादूर." आवाज माझ्या ओळखीचा होता. फोनवरचा माणूस तोच.

बुवांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं, नवीन अभंगाचं पहिलं चरण म्हणून बघावं तसं. मग वकीलबाईंना म्हणाले, "बोला."

बाई शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, "बुवा, तुम्ही सगळ्यांची चेष्टा करता हे मला मान्य आहे. मी पण ऐकते, मी पण हसते. पण सगळ्यांना तुम्ही उलट बोलायला देता. या लोकांना दिलंत का? या माणसाने तुम्हाला परत परत फोन केला. तुम्ही घेतला नाही."

हॉलमध्ये गडबड झाली. बुवांचे भजनी उठून उभे राहिले. "खोटा! फोन येवकच नाय! बुवा सांगत होते, येवक नाय!"

तेवढ्यात बूथवाला उठला. गरीब माणूस, हात जोडून बोलला. "बुवा, रागावू नकात. मीच नंबर लावन दिलंय तेका. रिंग जाय, कोणतरी 'हॅलो' म्हणा, नि मगे कट. दर टायमाक तसाच."

बुवा वळले आणि त्यांनी हॉलच्या या टोकापर्यंत माझ्याकडे बघितलं. मी ॲम्प्लिफायरच्या बटणाकडे बघत होतो. ते बटण मला आजही रंगासकट आठवतं. बुवांना सगळं कळलं, हे मला वर न बघता कळलं.

मला वाटलं, आता ते माझं नाव घेणार. घेतलं असतं तर त्याच क्षणी ते सुटले असते. सगळा हॉल माझ्याकडे वळला असता, वकीलबाईसुद्धा. बुवांनी माइक जवळ ओढला.

"तेका बारी मिळूक नाय. ह्या खरा आसा. माज्या कार्यक्रमात मिळूक नाय म्हणजे ती चूक माजी."

"बुवा, तुमी कशाक..." भजन्यांतला कुणी तरी ओरडला.

"गप रव." मग बाईंना म्हणाले, "बाई, तुमचो तो शब्द माज्या तोंडात बसणा नाय. पण शब्द बरोबर आसा. मी तेच्या तोंडार गायलंय. तेका तोंड आसा ह्या माज्या ध्यानातच येवक नाय."

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बुवा नारळाखाली छत्रीवर टेकून उभे होते. मला बघून म्हणाले, "तू कापलंस?"

"व्हय."

"कित्याक रे?"

मी म्हटलं, त्याची हिंदी कळत नव्हती, बूथवर गोंगाट होता, दुसऱ्या लाइनवर माणसं होती. बुवा ऐकत राहिले. मला वाटतं त्यांनी मला माझी पूर्ण बारी दिली. माझं संपल्यावर मीच म्हटलं, "बुवा, साहेबांका मी सांगतंय. तुमचो दोष नाय."

"सांगशीत तर थोबाड फोडीन." पहिल्यांदाच ते चिडले. "तुजा नाव भायर इला काय लोक म्हणतले, 'बुवा बरो, पोरगो वायट.' नि घराक जावन परत तोच गजर म्हणतले. गजर कोणी बांदलो? तू? माका सुटूक देव नको. समाजलंस?" मग जरा थांबून म्हणाले, "नि तुजी नोकरी कंत्राटी. मेल्या, घरात बायको दिवस गेलेली."

साहेबांनी बुवांना एकच शेवटचा कार्यक्रम दिला. माफी मागायची आणि संपवायचं. बुवा म्हणाले, "माफी एका वाक्यात होता. उरलेली वेळ तेची." साहेबांनी खूप कुरकुर केली आणि शेवटी मान्य केलं.

त्या दिवशी खिळ्याला छत्री लागली, आणि बुवा खुर्चीत पाय खाली सोडून बसले. मांडी नाही, ताल नाही. वाक्य त्यांनी खरोखर एकच बोललं. मग काचेतून माझ्याकडे बघून दोन बोटं उलटी-सुलटी केली.

फोन आला. हॉर्नचे आवाज. "हॅलो." माझं बोट सवयीने खटक्याकडे गेलं. मी ते दुसऱ्या हाताने धरलं, अक्षरशः धरलं, आणि म्हटलं, "रुकिए. जोडता हूँ."

"बुवा, मैं टेकबहादूर."

"बोल बाबा."

"बहुत बार फोन किया. आप ने उठाया नहीं."

काचेतून बुवा माझ्याकडेच बघत होते. माझ्यासमोर बोलण्याचं बटण होतं. ते दाबलं की माझा आवाज स्टुडिओत जातो, आणि स्टुडिओतला माइक चालू होता. एक बोट.

"व्हय," बुवा म्हणाले. "मी उचलूक नाय. चुकलंय."

सगळ्या जिल्ह्याने ऐकलं. आयुष्यात बुवा रेडिओवर एकदाच खोटं बोलले, ते तेव्हा.

"आप बोला हमारा आँख छोटा है," टेकबहादूर म्हणाला. "छोटा है तो है. कान तो पूरा है ना बुवा? मांगर में रेडिओ है. रोज सुनता था. मेरा बेटी भी सुनता था. वो जो गाना था आपका, बेटी पूछा, बाबा, ये किस का गाना है? मैं बोला, बंदर का है."

रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले, "टेप लाव, टेप लाव," म्हणू लागले. मी टेप लावली नाही. नोकरीत मी साहेबांचं ऐकलं नाही असं ते एकदाच.

मग टेकबहादूरच म्हणाला, "अब मैं मारूँ क्या एक? आपके जैसा?"

"मार बाबा. तुजीच बारी."

"आपका आवाज बहुत अच्छा है बुवा. पहले हम डब्बा बजाता था. अब रेडिओ बड़ा करके रखता है. एक भी बंदर नहीं आता."

बुवांच्या पोटातून हसू आलं, गळ्यात आलं, आणि बुवा डोळे पुसू लागले. ते हसत होते एवढं मात्र नक्की. फोनवर तोही हसत होता. "ह्येका म्हणतत बारी!" बुवा ओरडले. "ऐकलास रे सगळ्यांनी? हरलंय मी! हरलंय!"

नंतर त्यांनी बायकोचं मत विचारायला शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि मला म्हणाले, "बरो बोललो म्हणता." मला वाटलं त्यांच्याविषयी. बुवा म्हणाले, "तो. मी न्हय."

बुवांना परत बोलावलं नाही. ते पुन्हा भजनात गेले, पण काही गावांनी त्यांना डबलबारीला बोलावणं सोडलं. काहींना ते वंशद्वेषी वाटत होते आणि काहींना ते माफी मागितली म्हणून भेकड वाटत होते. दोन्ही बाजूंना ते उत्तर देत नसत. वकीलबाईंशी मात्र त्यांची ओळख वाढली. बाई मसुऱ्याच्या जत्रेला गेल्या की वाट वाकडी करून त्यांच्याकडे चहाला जात आणि टोमणे खाऊन आणि मारून येत.

माझ्याशी ते बोलायचे थांबले असते तर मी समजू शकलो असतो. कदाचित मला ते सोपंही गेलं असतं. उलट चतुर्थीला त्यांनी मला घरी बोलावलं आणि आपल्या मंडळात मागे गायला बसवलं. मी म्हटलं, "बुवा, माका गावक येणा नाय."

"तुजो आवाज लोकांनी 'थांबा हं' एवडोच ऐकलोहा. आजून काय तरी ऐकांदे."

मी बेसूर गायलो. ते दर वर्षी बोलावत राहिले. त्या प्रकाराविषयी त्यांनी एकदाही शब्द काढला नाही, ना मंडळात, ना एकट्यात. माझी नोकरी टिकली, पुढे कायम झाली, माझा मुलगा त्या पगारावर वाढला. त्यानंतर मी जोवर खटक्यावर बसलो तोवर एकही फोन आवाज ऐकून कापला नाही. अडखळणारे, गोंगाटातले, चिडलेले, सगळे जोडले. नवी पोरं आली की त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, ज्याला बोलणं लागलंय त्याचा फोन आधी. ती म्हणतात, "सर, छान नियम आहे. तुमचा?" मी म्हणतो, "बुवांचा." तेवढं तरी खरं बोलतो. माणूस म्हणून माझ्यात जी काही थोडी सुधारणा झाली ती त्या माणसाने, मला एकदाही न सुनावता, केली. असे उपकार कमी जणांच्या वाट्याला येतात.

गेल्या पावसाळ्यात बुवा गेले. छत्री घेऊन अंगणात उतरले आणि तिथेच बसले. टेकबहादूर आला होता, मुलीला घेऊन. ती आमच्याच शाळेत शिकली, माझ्या मुलापेक्षा चांगली मालवणी बोलते.

तो अजून त्याच बागेत आहे. बाजारात भेटतो. मला रेडिओवाला साहेब म्हणून ओळखतो, हात जोडतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "बुवा आदमी बहुत अच्छा था साहब. बस, फोन नहीं उठाता था."

मी मान हलवली आणि माझी पिशवी उचलून चालू लागलो.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे, आणि टेकबहादूरला मराठी वाचता येत नाही. त्याचा फोन बुवांनी कापला नव्हता, मी कापला होता. हे त्याच्यासमोर उभं राहून, त्याला कळेल अशा भाषेत सांगणं आणि मग तो जे बोलेल ते शेवटपर्यंत ऐकून घेणं, एवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.